मदरशाला कुलूप

त्या उन्हाळ्यात असीबेच्या तंबाखूला हात कमी पडले. नवरा रमदान स्पेनमध्ये बांधकामावर. सासू रुकिये, तिचे गुडघे केव्हाच गेलेले. आणि लेक सानिये, जी पाटी धरायच्या आधी तंबाखूचं पान खुडायला शिकली होती, तिनं पानाला शिवायचं सोडलं होतं. तंबाखू ओढणं हराम तसं पिकवणंही हराम, असं तिला मदरशात समजलं होतं.

त्यामुळे असीबे उजाडायच्या आत एकटीच डोंगरावरच्या पट्टीत जाई. कपाळाला बॅटरी बांधायची, ओणवं व्हायचं आणि झाडाच्या बुडापासून पानं खुडत वर यायचं. दव असतं तोवर पान कडक असतं, कट्‌कन तुटतं. ऊन चढलं की तेच पान ओल्या चिंधीसारखं लोंबतं. म्हणून घाई. चिकानं बोटं आधी हिरवी होत, मग काळी. कंबरेतून कळ निघाली की ती घटकाभर सरळ उभी राही आणि खाली ल्याकोवोकडे बघे. अंधारात गावातला एकच दिवा ठळक दिसे, तो नव्या मशिदीच्या मिनारावरचा.

जुनी मशीद लाकडाची होती. कौलं बदलायला वर्गणी काढायची, असं गाव दर हिवाळ्यात ठरवायचं आणि दर उन्हाळ्यात विसरायचं. मग एका सालात कसल्याशा फाउंडेशनची माणसं आली. पैसा समुद्रापलीकडच्या एका सरकारचा होता, एवढंच गावाला कळलं. त्या माणसांनी पांढऱ्या दगडाची मशीद उभी केली, तळमजल्यावर मदरसा काढला, वर मुलींना राहायला खोल्या, नळाला गरम पाणी. आपल्या सरकारनं पोरं कमी म्हणून शाळा बंद केलेली, शिवणाचा कारखाना मोडीत निघालेला, डॉक्टर आला तर आला. जे कुणीच देत नव्हतं ते या परक्यांनी आणून दिलं. नको कोण म्हणणार?

सानिये तिथं शिकली आणि नंतर तिथंच लहान मुलांना शिकवायला लागली. असीबेची छाती तेव्हा फुगली होती. गावच्या पोरी जर्मनीत जाऊन परक्या म्हाताऱ्यांची ढुंगणं धूत होत्या. आपली लेक गावात होती, उबदार खोलीत, अल्लाचं नाव शिकवत.

सकाळी पानं घरी आली की छपराखाली ओवायचं काम चाले. लांब चपट्या सुईत एकेक पान टोचायचं, सुई भरली की दोऱ्यावर ओढायची, माळ मांडवाला टांगायची. शेजारची वेलिये सावडीला येई. आज असीबेकडे, उद्या तिच्याकडे. वेलियेच्या सुईपेक्षा तिची जीभ जास्त टोचायची.

"तुजी लेक पुण्य कमवती आन् तू पाप," ती म्हणाली. "घरात जमाखर्च बराबर बसतोय बघ तुमचा."

"गप ओव," असीबे म्हणाली.

"मी गपच हाय. होजाच्या बायकूला सांग गप बसायला."

असीबेच्या कानशिलांत रक्त चढलं. गेल्या शुक्रवारची गोष्ट गावभर झाली होती. तिनं मदरशातल्या पोरांसाठी दुधातला भात केला होता, वर दालचिनी भुरभुरून. दारात हायरी होजाची बायको मकबुले आली. होजा म्हणजे गावचा इमाम, दोन वर्षं परदेशी शिकून आलेला. मकबुले खालच्या खोऱ्यातली, मऊ बोलणारी. तिनं पातेलं हातात घेतलं, आणि परत असीबेच्या हातात दिलं.

"राग मानू नका, असीबेवहिनी. तंबाखूच्या कमाईतलं पोरांच्या पोटात नको, असं होजा म्हणतात."

मागे सानिये उभी होती. ती जमिनीकडे बघत राहिली. भरलं पातेलं पोटाशी धरून असीबे सगळं गाव उतरून घरी आली आणि तो भात तिनं कोंबड्यांना घातला.

त्या संध्याकाळी सानिये जेवायला आली तेव्हा म्हणाली, "आई, मनाला लावून घेऊ नकोस. पुढच्या वर्षी बटाटे लावू या."

"बटाटं कोण इकत घेतंय? तुजा होजा?" असीबेनं घेवड्याच्या आमटीचं वाडगं तिच्यापुढं आदळलं. "तुज्या हाडावर जे मांस हाय न्हवं, ते तंबाखूचंच हाय. पाप वाटत आसंल तर काडून ठीव हितं."

सानियेचे डोळे भरले. असीबेचेही भरले. कोपऱ्यातून रुकिये म्हणाली, "खावा गं दोघी. भांडान करायला जित्तं ऱ्हावं लागतंय."

म्हातारीचं बोलणं हल्ली असंच झालं होतं. कारण काही दिवसांपासून गावातल्या कॉफीच्या दुकानात एक अनोळखी माणूस येऊन बसायचा. तरुण, दाढी सफाचट, शहरी बूट. कॉफी प्यायचा, मशिदीकडे बघायचा, पोरं किती, बाहेरगावच्या मुली किती, असं सहज विचारायचा. फाउंडेशनचा माणूस मात्र यायचा बंद झाला होता. होजानं दाढी अर्धी केली.

"ही आदी मोजत्यात," रुकिये म्हणाली. "मग येत्यात. तवाबी असाच येक जण येऊन कॉफी पिऊन गेला हुता. मागनं बर्फ पडला आन् बर्फातनं सोजीर आलं."

ती गोष्ट घरात फारशी कुणी काढत नसे. रुकिये तेव्हा नवी नवरी होती. बापजाद्यांची मुसलमानी नावं टाका आणि सरकार देईल ते नाव घ्या, असा हुकूम निघाला होता. रुकियेच्या नवऱ्यानं नाही म्हटलं. त्याला चौकात इतकं मारलं की तो पुढं जन्मभर एका अंगानं चालला. रुकियेनं दोघांच्याही कागदावर सही केली. वीस वर्षांनी ते सरकार पडलं आणि नावं परत मिळाली.

आता ती अंगावरच्या कपड्यांनिशीच झोपायला लागली. जाड मोजे घालून, बूट उशाशी. असीबे चिडली.

"आत्याबाई, येवड्या उकाड्यात मोजं?"

"बर्फात उबी केली हुती मला. अनवाणी." म्हातारीनं मोजे आणखी वर ओढले. "उकाडा परवडला."

असीबे हसली खरी, पण त्या दिवसापासून तीही सावध झाली. पानं खुडताना ती कान देऊन ऐके. गाढवानं फुर्र केलं तरी दचके.

ज्या सकाळी ते आले त्या सकाळी दव भरपूर होतं आणि खुडणं जोरात चाललं होतं. पूर्वेला नुकतं फटफटलं होतं. असीबेला आधी आवाज आला नाही, दिवे दिसले. खालच्या रस्त्यावर एकामागं एक गाड्या वळणं घेत चढत होत्या, भोंगे न वाजवता, न थांबता. त्यातल्या काही मशिदीकडे गेल्या. एक तिच्या घराकडे वळली.

टोपली तिथंच राहिली, गाढव तिथंच राहिलं. ती पट्ट्यांवरून उड्या टाकत खाली धावली. बांधाच्या दगडावर पाय मुरगळला, तशीच उठली.

अंगणात काळी फडकी तोंडाला बांधलेले पोलीस होते, हातात बंदुका. घराची दारं सताड उघडी. आतून गाद्या बाहेर फेकल्या जात होत्या. सानिये भिंतीला पाठ लावून उभी होती. तिला डोक्याला बांधायलाही सवड दिली नव्हती. परक्या पुरुषांपुढं उघडे केस घेऊन ती दोन्ही तळव्यांनी डोकं झाकायला बघत होती. असीबेनं आपला रुमाल सोडला, तो लेकीच्या डोक्यावर टाकला आणि स्वतः तशीच उभी राहिली. कपाळावरची बॅटरी अजून जळत होती.

"ती बंद करा," एक पोलीस म्हणाला.

तिला कळ सापडेना. शेवटी त्यानंच हात पुढं करून ती बंद केली.

एक जण हातात यादी घेऊन माणसं तपासत होता. फडक्यावरचे डोळे अगदी कोवळे, विशीतले. तो रुकियेपुढं आला. म्हातारी पायऱ्यांवर बसली होती, मोज्यांत, बुटांत, स्वेटरात, जशी काही प्रवासाला निघालेली.

"आजी, नाव काय तुमचं?"

रुकिये उठून उभी राहिली. गुडघ्यांना आधार न घेता उठली, हात दोन्ही बाजूंना सरळ.

"रोसित्सा," ती म्हणाली. "रोसित्सा, साहेब. म्या सही केली हाय."

पोरगा गोंधळला. त्यानं तिचं ओळखपत्र उजेडात धरलं. "इथं तर रुकिये लिहिलंय."

"न्हाई न्हाई. रोसित्सा. ह्यांचंबी बदललंय. आमी दोगंबी केलंय, साहेब."

असीबे पुढं झाली, सासूच्या दंडाला धरून म्हणाली, "रुकियेच हाय ती. म्हातारी हाय. घाबरलीया." पण म्हातारी ऐकेना. ती पुन्हा पुन्हा तेच नाव सांगत राहिली, पाठ केलेल्या धड्यासारखं, आणि तिच्या जाड मोज्यांतून ओल बुटांवरून खाली पायरीवर उतरत गेली. पोरग्यानं मान फिरवली.

त्यांनी सानियेची पुस्तकं नेली, फोन नेला, पोरांना अक्षरं शिकवायचे रंगीत तक्ते नेले. सानियेला शहरात नेलं. हायरी होजाला त्याच्या घरातून नेलं. मदरशाच्या दाराला कुलूप पडलं आणि कुलपावर लाखेची मोहर.

उन्हं वर आली तेव्हा टोपलीतली पानं पट्टीतच काळवंडून गेली होती. गाढव शेजारच्या मक्यात शिरलं होतं. वेलियेनं ते हाकलत आणून दावणीला बांधलं आणि त्या दिवशी ती एक शब्दही बोलली नाही.

संध्याकाळी सानियेला सोडलं. असीबे शहरातल्या पोलिसांच्या इमारतीत बाकावर दिवसभर बसून होती. येणारीजाणारी माणसं तिच्या काळ्या बोटांकडे बघत, म्हणून ती हात काखेत धरून बसली होती. बसमध्ये सानिये खिडकीला डोकं टेकून म्हणाली, "मारलं नाही. पाणी दिलं. गावात कॉफी प्यायला यायचा तोच होता, दाढी नसलेला. फार गोड बोलतो."

"काय इच्यारलं?"

"पैसा कुणाचा, ते. आणि होजा सांगायचे का, की या देशाचा कायदा मानू नका. मी म्हटलं नाही. तर म्हणाला, नीट आठव. आठवायला वेळ घे. मग म्हणाला, तुझे वडील स्पेनला असतात ना. येताजाताना सीमेवर त्रास होत नाही ना त्यांना."

बाहेर सूर्यफुलांची शेतं मागं पळत होती, आणि असीबेला वाटलं, बस थांबूच नये, अशीच जात राहावी कुठंतरी.

सानियेनं शेजाऱ्यांच्या फोनवरून फाउंडेशनला फोन लावून बघितला. हा क्रमांक अस्तित्वात नाही, एवढंच ऐकू येई. ज्यांनी मिनार बांधून दिला, गरम पाणी दिलं, पगार दिला, ते सगळे जणू वाफ होऊन गेले. कोण होते, कुठं राहत होते, हेही कुणाला धड सांगता येईना.

होजा तपासानंतर घरी आला, पण त्याला कुणाशी बोलायला बंदी होती. मकबुले मात्र आली. फाटकाबाहेरच उभी राहिली. मांडवाला तंबाखूच्या माळा टांगलेल्या, त्यांच्याकडे तिनं बघायचं टाळलं.

"वहिनी, सानियेला साक्षीला बोलावणार आहेत. तिनं एवढंच सांगावं, होजांनी नमाज शिकवला. बाकी काही नाही."

"आन् तंबाखूचं?"

"ते नको."

"पीरबाबाच्या कबरीवर नवसाच्या चिंध्या बांदणाऱ्या बाया धर्माभाईर गेल्या, म्हणून सांगितलं, ते?"

"तेही नको." मकबुलेचा आवाज फुटला. "त्यांचे शब्द तिकडे उलटे करतात हो. मला दोन लहान पोरं आहेत."

असीबेला तो दुधातला भात आठवला. बोलायचं पुष्कळ होतं. पण मकबुलेच्या मानेवरची शीर फडफडताना तिला दिसत होती, आणि तशीच शीर आपल्याही मानेवर उडते आहे हे तिला ठाऊक होतं.

"सांगती तिला," ती म्हणाली.

शरद गेला. तंबाखूचे गठ्ठे बांधून विक्री झाली. डोंगरावर बर्फ उतरला आणि होजावरच्या खटल्याची तारीख आली. निघायच्या सकाळी रुकियेनं नातीला जवळ बसवून घेतलं.

"तेंना काय ऐकायचं हाय ते सांग पोरी. सहीनं काय मरत न्हाई मानूस. जीव ऱ्हातो. पुन्ना दीस पालटत्यात, गेलेलं परत मिळतंय. मला न्हाई मिळालं माजं नाव?"

सानिये आजीकडे बघत राहिली. मग हळूच म्हणाली, "मिळालं का, आजी?"

म्हातारी मोज्यावरचा धागा ओढत राहिली.

कोर्टात वाफेच्या नळ्यांची ऊब होती आणि ओल्या कोटांचा वास. असीबे मागच्या बाकावर बसली. पुढं हायरी होजा, इतका बारीक झालेला की कोट खांद्यावरून ओघळत होता. एका बाजूला मशिदीतले लोक, दुसऱ्या बाजूला तो दाढी नसलेला. रमदाननं स्पेनमधून सांगितलं होतं, तिला गप्प बसायला सांग. वेलियेनं सांगितलं होतं, होजाला बुडवू दे. असीबेनं लेकीला काहीच सांगितलं नव्हतं. सांगायला तिच्याजवळ भीतीखेरीज काही नव्हतं, आणि ती सानियेकडे आधीच पुरेशी होती.

सरकारी वकिलानं विचारलं, "मदरशाचा पैसा कुठून येत होता?"

"बाहेरच्या देशातून. फाउंडेशनकडून."

"कोणत्या हेतूनं, असा प्रश्न तुम्हाला कधी पडला नाही?"

"नाही. गरम पाणी होतं." कुणीतरी हसलं. सानिये हसली नाही. "आमच्या गावात हिवाळ्यात पोरं बर्फ वितळवून तोंड धुतात. नळ सोडला आणि गरम पाणी आलं, तर ते कुठून येतंय हे मी विचारलं नाही. आता वाटतं, विचारायला हवं होतं."

"होजांनी कायदा मोडायला सांगितलं?"

"नाही."

दाढी नसलेल्यानं आपल्या टाचणातली एक ओळ पेनानं खोडली. होजाच्या वकिलानं समाधानानं मान हलवली आणि बसायच्या बेतात होता. पण सानिये थांबली नाही.

"पण त्यांनी सांगितलं की तंबाखू पिकवणारे पापी आहेत. कबरीवर जाणाऱ्या बायका आपल्यातल्या नाहीत. घरी जाऊन आईला सांग म्हणाले. मी सांगितलं. मी आईच्या हातचं खायला लाजले. आमच्या गावात कुणाचा कुणाशी दुरावा नव्हता, तो आला. हा गुन्हा आहे का, मला ठाऊक नाही. पण झालं हे असं."

होजानं मागं वळून तिच्याकडे बघितलं. त्याच्या नजरेत राग असता तर असीबेला सोसलं असतं. तिथं नुसतं आश्चर्य होतं, पोरानं आपला हात चावावा तसं. असीबेनं बाकाची कड घट्ट धरली. आता आपल्याला दोन्हीकडचे खाणार, हे तिला लख्ख कळलं. आणि त्याच भीतीच्या बुडाशी, कुठंतरी खोल, लेक बोलली याचं तिला बरंही वाटलं.

निकाल लागला. होजाला तुरुंग झाला नाही, पण स्थगित शिक्षा डोक्यावर लटकती राहिली आणि गावात नमाज पढवायला बंदी आली. मदरशाचं कुलूप तसंच राहिलं. गरम पाण्याचे नळ हिवाळ्यात गोठून फुटले.

दोन्हीकडचे खाणार ही असीबेची अटकळ खरी ठरली. मशिदीतल्या बायकांनी सानियेशी बोलणं टाकलं. एकदा फाटकावर कुणीतरी शेण फासलं. उन्हाळ्यात रमदान सुटीवर येताना त्याला सीमेवर उतरवून घेतलं, आख्खा दिवस बसवून ठेवलं, आणि काही न सांगता सोडलं. तो घरी आला तो हसतच, पण रात्री जेवण अर्धं टाकून उठला.

तंबाखू मात्र वेळेवर आला. सानिये आता घरीच होती. पानाला ती अजूनही शिवत नव्हती. जे पाप वाटतं ते वाटतं, म्हणाली. पण गाढव हाकत पट्टीवर यायची, भरल्या टोपल्या खाली आणायची, आजीला न्हाऊ घालायची. असीबेनं त्यावर एक शब्द काढला नाही. वेलियेचा हात मोडला होता, म्हणून ओवायला आता असीबे एकटी.

अशाच एका सकाळी फाटक वाजलं. बाहेर मकबुले उभी होती. रुमाल जुना, बूट चिखलानं भरलेले.

"वहिनी," ती म्हणाली, "ओवायला माणूस हवंय असं ऐकलं."

असीबेची सुई हातात थांबली. नजर आपोआप रस्त्याकडे गेली, कुणी बघतंय का म्हणून. होजाची बायको आपल्या दारात. हे कुणाला आवडेल? मशिदीतल्यांना नाही, शहरातल्या त्या माणसाला नाही. नको म्हणणं सगळ्यात सोपं होतं. "होजांना चालंल?"

"त्यांनीच पाठवलं." ती खाली बघत होती. "लाकूडतोडीला जातात. त्यांना जमत नाही ते. परवा पायावर कुऱ्हाड बसली."

सानिये विहिरीवरून पाणी घेऊन येत होती, ती वाटेतच थबकली. साक्षीच्या दिवसानंतर दोघी पहिल्यांदाच समोरासमोर येत होत्या. मग असीबे पानांचा ढीग बाजूला सारून थोडी सरकली.

"बस. शीर हाय तितनं टोच, न्हाईतर पान फाटतंय."

मकबुले बसली. पहिलं पान फाटलं, दुसरंही. तिसरं बरोबर बसलं. सानियेनं पाण्याचा तांब्या आणून दोघींच्या मधोमध ठेवला आणि पायरीवर आजीजवळ जाऊन बसली.

खालच्या रस्त्याला गाडीचा आवाज आला. वळण घेत वर चढत होती. दोघींच्या सुया थांबल्या. सानिये अर्धवट उठली. रुकियेनं उशाशी चाचपावं तसे पायरीखाली बूट चाचपले. आवाज फाटकाशी आला, मंदावला. मकबुलेच्या ओठांची हालचाल होत होती, दुआ म्हणत होती की काय कोण जाणे, आणि असीबेच्याही नकळत तिचे ओठ तेच म्हणू लागले.

गाडी पुढं गेली. चीज विकणाऱ्याची होती.

कुणी कुणाकडे बघितलं नाही. असीबेनं पुढचं पान उचललं.